जवाहर मार्गाजवळचं बिनपाटीचं दुकान: तीन वर्षांचा अनुभव

दुकानाला पाटी नाही, म्हणून आधी पत्ता सांगते. इंदूरच्या जवाहर मार्गावरून राजवाड्याकडे वळताना एका बोळाच्या तोंडाशी सकाळी पोह्यांची गाडी उभी असते. त्या बोळातलं चौथं शटर. शटरच्या वर खिळ्यांना मिक्सरच्या जारांची झाकणं दोरीत ओवून टांगलेली आहेत, लांबून मोठी माळ असावी तशी दिसतात. तेच दुकान. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर ओटल्यावर थांबायचं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, कुकर आणि एलईडी बल्ब, एवढंच इथे दुरुस्त होतं. मालक मराठी, वय पंचावन्नच्या आसपास. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते.

गेल्या तीन वर्षांत आमच्या घरातल्या अकरा वस्तू मी त्यांच्याकडे नेल्या. नऊ चालू होऊन परत आल्या. दोन त्यांनी हातात घेऊन पाहिल्या आणि दुरुस्त करणार नाही म्हणून सांगितलं. माझा विश्वास बसला तो त्या नऊंपेक्षा या दोन नकारांमुळे जास्त.

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. आपल्या इंदूरला 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळत आला, त्याचा वर्गातल्या पोरांना भारी अभिमान आहे आणि मलाही आहे. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा हे सहा प्रकार मी फळ्यावर काढून शिकवते, घरीही तसंच वेगळं करते. आपला ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झालेल्या प्रकल्पात दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करायची सोय आहे, त्यातून बायो-सीएनजी तयार होतो. हे सगळं मी मुलांना मनापासून सांगते. पण एक गोष्ट खरी की बिघडलेली वस्तू ई-कचऱ्यात टाकली की माझं काम संपलं, असंच मला 2022च्या भाद्रपदापर्यंत वाटत होतं.

त्या वर्षी महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी मिक्सर बंद पडला. वड्यांची डाळ वाटत होते. डाळ घट्ट, पाणी कमी, आणि घाईत मी जार गळ्यापर्यंत भरला होता. आधी घरघर आवाज आला, मग जळका वास, मग काहीच नाही. तळाचं लाल बटण दाबून पाहिलं, दहा मिनिटं थांबून परत दाबलं. मिक्सर गप्प. वडे शेजारच्या काकूंच्या मिक्सरवर झाले, पण डोक्यात तेच चाललं होतं. हा मिक्सर माझ्या लग्नातला, 2002चा. माझ्या आईने पैसे साठवून घेतलेला.

सण झाल्यावर तो घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. काउंटरवरच्या मुलाने तो उलटा करूनही पाहिला नाही. मॉडेल बंद झालं आहे, पार्ट येत नाहीत, एक्सचेंजमध्ये चारशे रुपये धरतो, नवा तीन हजार नऊशेला पडेल, असं एका दमात सांगून त्याने पुढच्या माणसाला हाक मारली. मला राग पैशांचा आला नाही. वस्तू उघडलीच नाही, तर ती मेली हे कळलं कसं, याचा आला.

घरी येऊन मिक्सर ई-कचऱ्याच्या पिशवीत घालत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी कुणाला दाखव तरी. ह्यांचा रेडिओ त्या बोळातल्या पोराने केला होता." ते पोर म्हणजे हे दादा. रेडिओला पस्तीस वर्षं होऊन गेली असतील.

आता त्यांनी काय केलं ते नीट सांगते, कारण या दुकानाची सगळी परीक्षा त्यातच आहे.

त्यांनी मिक्सर आधी चालू करून पाहिला नाही. आधी जार मागितला. मी जार नेलाच नव्हता. "जारशिवाय मिक्सर म्हणजे पेशंटशिवाय रिपोर्ट, वहिनी," म्हणाले आणि मला घरी पाठवलं. लोकमान्य नगरहून पुन्हा फेरी, अर्धा तास गेला. दुसऱ्या खेपेला त्यांनी जार उलटा धरला, तळाची पाती बोटाने हलवून पाहिली आणि विचारलं, "वाटताना जारच्या खाली ओलं होतं का?"

होत होतं. दोन वर्षं मी ते फडक्याने पुसत होते आणि जार नीट बसत नसेल असं समजत होते.

मग त्यांनी मिक्सरचे चार स्क्रू काढले आणि तळ उघडून दिवा जवळ आणला. मोटरच्या वरच्या टोकाला, जिथून दांडा बाहेर येतो, तिथे तपकिरी डाग होता, चहा सांडून वाळल्यासारखा. जारच्या तळाशी पात्यांचा दांडा ज्यात फिरतो तो बुश असतो, त्याचं सील गेलं होतं. तिथून पाणी थेंब थेंब खाली उतरत होतं आणि दोन वर्षांत दांड्याभोवती गंज धरला होता. दांडा जड फिरायला लागला, मोटरवर ताण आला, तापून तापून कार्बन झिजले. कार्बन म्हणजे मोटरच्या दोन बाजूंना स्प्रिंगने दाबून बसवलेले काळे तुकडे, त्यांच्यातून फिरत्या भागाला वीज पोचते. मिक्सरची मोटर रिकामी फिरते तेव्हा मिनिटाला 18,000 ते 20,000 फेरे घेते, त्या घर्षणाने हे तुकडे झिजायचेच. माझे तुरीच्या डाळीएवढे उरले होते. दादांनी नवा कार्बन शेजारी ठेवून दाखवला, बोटाच्या पेराएवढा.

वर बसतो तो काळा दातेरी तुकडा, ज्याला कपलर म्हणतात, त्याचेही तीन दात गेले होते. त्याबद्दल त्यांनी सांगितलेली गोष्ट मी आता वर्गात सांगते. तो तुकडा मुद्दाम मऊ असतो. जारमध्ये काही अडकलं तर मोटर जळण्याआधी त्याचे दात तुटावेत, अशी त्याची रचना आहे. म्हणजे कपलर तुटला म्हणून मिक्सर खराब झाला असं म्हणतो आपण, आणि खरं तर त्याने मिक्सर वाचवलेला असतो.

जारचा बुश आणि पाती, कार्बनची जोडी, कपलर, गंज काढून वंगण आणि मजुरी, सगळे मिळून पाचशे चाळीस रुपये झाले. चार दिवस लागले. मिक्सर नेताना त्यांनी कागदाची एक पुडी हातात दिली. उघडली तर आत माझे जुने कार्बन, तुटका कपलर आणि गळका बुश. "तुमच्यातून काढलं ते तुमचं," म्हणाले. प्रत्येक वस्तूबरोबर ही पुडी देतात. काय बदललं, काय नाही बदललं, त्यावर वादाला जागाच राहत नाही. माझ्याकडे अशा नऊ पुड्या झाल्या, त्यातल्या चार मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवल्या आहेत.

दुसरी चांगली सवय म्हणजे दुरुस्तीची तारीख. बिल ते देत नाहीत, याबद्दल पुढे तक्रार करणारच आहे, पण वस्तूच्या तळाशी काळ्या मार्करने तारीख आणि काय बदललं ते लिहितात. सहा महिन्यांत तेच बिघडलं तर मजुरी घेत नाहीत. माझ्या बाबतीत हे एकदा झालं, इस्त्रीची वायर तोंडाशी पुन्हा तुटली होती. त्यांनी तळाची तारीख वाचली आणि न बोलता नवी वायर घातली.

पाणी उतरू नये आणि मोटर तापू नये म्हणून त्यांनी तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या, त्या आजही पाळते. जार दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. घट्ट डाळ किंवा चटणी असेल तर अर्धा मिनिट चालवून थांबायचं, मोटरला गार होऊ द्यायचं. तीन वर्षांत कार्बन पुन्हा बदलावे लागले नाहीत.

आता कुकर. आमच्याकडे दोन आहेत. पाच लिटरचा सासूबाईंचा, तीन लिटरचा माझा. तीन लिटरच्या झाकणातून बाजूने वाफ जात होती, शिट्टी होत नव्हती. मी बाजारातून कुठलंही रबर आणून बसवलं होतं. दादांनी ते ओढून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. त्यांच्याकडे कंपनीचंच रबर मिळतं, महाग मिळतं, आणि सेफ्टी वॉल्व्ह बदलायचा असेल तर तोही कंपनीचाच. या बाबतीत ते कुणाचंही ऐकत नाहीत. एका गिऱ्हाइकाने माझ्यासमोर स्वस्तातला वॉल्व्ह बसवा म्हणून हट्ट धरला, तर त्यांनी कुकर हळूच त्याच्याकडे परत सरकवला. मला हे बरोबर वाटतं. कुकरच्या आत बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट दाब आणि 120 अंशांच्या आसपास उष्णता असते, तिथे दहा-वीस रुपये वाचवायचे नसतात.

पाच लिटरचा कुकर मात्र त्यांनी परत केला. हा पहिला नकार. एका दुपारी मी वर्गपाठ तपासत बसले आणि पाणी आटलं, तळ बाहेरच्या बाजूला फुगला. गॅसवर ठेवला की डुगडुगायचा. मला वाटलं, ठोकून सपाट करता येईल. दादांनी तळावर पट्टी आडवी धरून फट दाखवली आणि म्हणाले, "हे भांडं म्हणून वापरा वहिनी, झाकण लावून नको. एकदा तापून फुगलेल्या धातूचा भरवसा धरू नये." पैसे काही घेतले नाहीत. त्याचं झाकण, शिट्टी आणि हँडल त्यांनी ठेवून घेतलं आणि हँडलचे तीस रुपये उलट मला दिले.

सासूबाईंचा जीव त्या कुकरात होता, म्हणून वर्षभर त्यात गहू ठेवले. मग त्यांनीच काढला. अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, आला तेव्हा अॅल्युमिनियमच्या भावाने दीडशे रुपये देऊन गेला. अॅल्युमिनियमच्या बाबतीत मला एक समाधान आहे. खनिजातून नवं अॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे पाच टक्क्यांत जुनं वितळवून नवं होतं. जी वस्तू खरोखर संपली, ती अटालेवाल्याच्या काट्यावर जाणंच योग्य. पण तिथे पोचण्याआधी तिचं हँडल दुसऱ्या कुकरला लागलं, हे त्याहून बरं.

दुसरा नकार पाणी तापवायच्या रॉडला. डिसेंबरात आमच्याकडे सकाळी बोअरचं पाणी बर्फासारखं येतं. रॉडवर क्षारांचा पांढरा थर चढला होता आणि बादलीला हात लावला की मुंग्या यायच्या. दादांनी थर खरवडला, खाली नळीला केसाएवढी चीर होती. काही न बोलता त्यांनी पक्कड घेतली आणि वायर रॉडच्या मुळाशी कापून टाकली. मी ओरडलेच. "आता घरातलं कुणी चुकूनसुद्धा लावणार नाही," म्हणाले. रॉडचं धूड मी ई-कचऱ्यात दिलं, पिन आणि चांगली वायर दुकानात राहिली.

असे सुटे भाग हाच या दुकानाचा खरा माल आहे. भिंतीला लागून बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे आहेत, प्रत्येकावर आत काय आहे त्याचा नमुना चिकटवलेला: एक कपलर, एक बटण, एक स्प्रिंग. लिहिलेलं काही नाही. मागे पोत्यांत मेलेले मिक्सर. त्यातून झाकणं, जारांचे दांडे, बटणं, पाय काढून घेतात. मिक्सरचे रबरी पाय कुणी विकत आणायला जात नाही, पण ते गेले की मिक्सर ओट्यावर नाचतो आणि एक दिवस खाली पडतो. माझ्या मिक्सरच्या चटणीच्या जारचं झाकण तडकलं होतं, ते 2002च्या मॉडेलचं कुठेच मिळत नव्हतं. दादांनी माळेतली सहा झाकणं उतरवून एकेक बसवून पाहिलं, पाचवं बसलं. रंग वेगळा आहे. वीस रुपये.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यावी असा हेतू आहे. चांगलं पाऊल आहे आणि मला त्यातून खूप आशा आहे. पण माझं झाकण मला माळेतच मिळालं. वस्तू तयार करणाऱ्यांनी झाकण, रबर, कपलर अशा साध्या गोष्टी पंधरा-वीस वर्षं उपलब्ध ठेवायलाच हव्यात, असं मला ठामपणे वाटतं. तीस रुपयांच्या तुकड्यासाठी अख्खी मोटर कचऱ्यात जाणं यासारखा अपव्यय नाही.

बल्बांचं काम या दुकानात सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडतं. आमच्या कपाटाच्या खणात बंद पडलेले सात एलईडी बल्ब होते, सगळे 9 वॉटचे. टाकवत नव्हते आणि कुठे द्यावेत तेही ठरत नव्हतं. दादांचा मदतनीस मुलगा बल्बची पांढरी टोपी फिरवून काढतो. आत अॅल्युमिनियमची गोल चकती, तिच्यावर पिवळे चौकोनी ठिपके. त्यातल्या एका ठिपक्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग. झालं, एवढंच बिघडलेलं असतं. सगळे ठिपके एकाच साखळीत जोडलेले, एक गेला की पूर्ण बल्ब अंधार. मुलगा तो ठिपका गरम करून उचलतो आणि दुसऱ्या मेलेल्या बल्बातला चांगला ठिपका तिथे बसवतो. सातांतून पाच पेटले, उरलेले दोन त्या पाचांसाठी कामी आले. वीस रुपये बल्ब. काही दुकानांत ठिपका न बदलता नुसता जोडून टाकतात, मग बाकीच्यांवर भार येतो आणि बल्ब लवकर जातो, म्हणून बल्ब देताना "ठिपका बदला" असं स्पष्ट सांगायचं.

सीएफएल आणि ट्यूबलाइट मात्र ते घेत नाहीत. त्यात पारा असतो, फुटू न देता कागदात गुंडाळून कचरा गाडीच्या घातक कप्प्यात द्यायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं.

पंख्याच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं झालं आहे. हॉलचा पंखा मंद फिरायचा. मदतनीस मुलाने घरी येऊन कॅपॅसिटर काढला, म्हणजे पंख्याच्या मोटरला जोर देणारा छोटा भाग. मिस्त्री लोक त्याला कंडेन्सर म्हणतात. त्यावर 2.5 लिहिलेलं, मीटरवर आला 1.6. नवा घातला, पंखा पहिल्यासारखा पळायला लागला. मजुरीसकट एकशे सत्तर. पुष्कळ लोक याच कारणासाठी पंखा बदलतात, त्यांनी आधी एवढं तपासावं. पण तो जुना पंखा 75 वॉटचा. आमच्याकडे हॉलचा पंखा उन्हाळ्यात रोज पंधरा तास चालतो. नवा बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा, साधारण 30 वॉट घेतो. वाचले 45 वॉट, पंधरा तासांचे दिवसाला पाऊण युनिटच्या जरा खाली, महिन्याला सुमारे वीस युनिट. मी हा हिशोब दादांना दाखवला. त्यांनी एक मिनिटही विचार केला नाही. "हॉलला नवा लावा, हा गच्चीवरच्या खोलीत टाका." तसंच केलं. वरच्या खोलीत पंखा दिवसात तासभर लागतो, तिथे नवा घेण्यात अर्थ नव्हता. म्हणजे दुरुस्ती नेहमीच जिंकते असं नाही, वस्तू किती तास चालते यावर ते ठरतं. हे दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकाने स्वतः मान्य केलं, याचं मला फार कौतुक वाटलं. सोबत त्यांनी हेही सांगितलं की बीएलडीसीचं बोर्ड गेलं तर माझ्याकडे आणू नका, ते मला जमत नाही. मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडीही घेत नाहीत.

मे 2023मध्ये जुन्या वस्तू जमा करायची आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं सुरू झाली, तेव्हा पुतण्याची बॅटरीवर चालणारी गाडी द्यायची होती. चालत नव्हती. बंद गाडी दुसऱ्या पोराच्या हातात देणं मला पटेना. दादांनी बॅटरीच्या डब्यातला हिरवा गंज लिंबाच्या फोडीने पुसला, एक तुटकी वायर जोडली. दहा रुपये. गाडी चालू करून दिली.

मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळणं, ते स्वतः करतात, आणि मला वाटतं शहरात हे काम हाताने करणारे आता थोडेच राहिले असावेत. वडिलांकडून शिकले. वडील इथल्या कापड गिरणीत विजेच्या खात्यात होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हा गाळा घेतला. दुकानात तारेचं जे लाकडी चरक आहे ते त्या वेळचं. हँडल फिरवतात आणि फेरे ओठांतल्या ओठांत मोजतात. मोजत असताना कुणी बोललेलं त्यांना चालत नाही, फोन वाजला तरी उचलत नाहीत. मी एकदा मध्येच "किती होतील?" विचारलं, तर त्यांनी अख्खा वेटोळा सोडून पहिल्यापासून सुरू केला. रागावले नाहीत, पण मला वाईट वाटलं. तिथे गेलात आणि ते मोजताना दिसले तर थांबा.

आता तक्रारी, कारण त्या आहेत.

वेळ पाळत नाहीत. मंगळवार म्हणाले की गुरुवार धरायचा. 2023च्या दिवाळीच्या आधी सासूबाईंच्या खोलीतला पंखा वाइंडिंगला दिला होता, तीन वेळा तारीख पुढे गेली आणि मला तीन चकरा पडल्या. सासूबाईंचे त्या दिवसांत उकाड्याने हाल झाले. मी दुकानात जाऊन स्पष्ट बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला मुलगा पंखा बसवून गेला. पण एवढं बोलायची वेळ यायला नको होती. एक फोन केला असता तरी चाललं असतं.

छापील बिल नाही. तळाची तारीख मला पुरते, पण कुणाला ऑफिसात खर्च दाखवायचा असेल तर अडचण होईल. मी त्यांना साधं पावतीपुस्तक ठेवायला दोनदा सांगितलं आहे. पैसे मात्र मोबाइलवरून घेतात.

एकदा जारांची अदलाबदल झाली. माझा चटणीचा जार दुसऱ्या कुणाला गेला आणि मला कुणाचा तरी हळदीने पिवळा झालेला आला. चार दिवसांनी परत मिळाला. तेव्हापासून मी जारच्या दांड्याला लाल दोरा बांधून देते. हे सगळ्यांनीच करावं.

आणि एक गोष्ट त्यांनी बदलली, त्याचं श्रेय मी थोडंसं घेते. जळालेल्या वाइंडिंगची तांब्याची तार त्यावरचा थर जाळून विकायची, अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. धूर विषारी असतो. मी हे सातवीच्या मुलांना शिकवते आणि इथे बघून गप्प बसणं मला जमलं नाही. पहिल्यांदा त्यांनी हसून सोडून दिलं. मग मी मुद्दाम मदतनीस मुलाशी बोलले, कारण तार जाळायचं काम त्याच्याकडे असायचं आणि तो अठराचाही नसेल असं वाटलं. नंतर कळलं, एकोणीसचा आहे. पुढच्या खेपेला दादांनी स्वतःहून सांगितलं की आता तार तशीच अटाल्यात देतो, भाव थोडा कमी मिळतो.

कुणी पहिल्यांदा जाणार असेल तर वस्तू पूर्ण न्या: मिक्सरबरोबर सगळे जार आणि झाकणं, कुकरबरोबर शिट्टी. काय होतं ते आठवून जा: आवाज आधी आला की वास आधी, वाटताना ओलं व्हायचं का, शेवटचं काय वाटलं होतं. ते विचारतात, आणि उत्तर नीट दिलं तर निम्मं काम तिथेच होतं. तपासायचे पैसे घेत नाहीत. गाडी बोळात नेऊ नका, वळवता येत नाही, मुख्य रस्त्यावर लावून चालत या. सकाळी अकराच्या आधी शटर उघडत नाही आणि रविवारी बंद.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वेळेसाठी कापला.

इस्त्री सध्या त्यांच्याकडे आहे, थर्मोस्टॅट गेला. मंगळवारी या म्हणालेत. मी गुरुवारी जाईन, आणि जाताना शेजारच्या काकूंचे चार बल्ब घेऊन जाईन.